आरोग्यविवेक : रजोनिवृत्तीचे उपचार आणि स्मृतिभ्रंशाची भीती

मोंढ्यात अडतीचे दुकान असलेले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील सूनबाईंचे वय एकोणपन्नास. पाळी थांबून वर्ष होऊन गेले आहे. रात्री दोन-तीन वेळा अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, त्या दचकून उठतात, घामाने पोलके भिजते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सकाळी सामायिकाला बसल्यावर वर्षानुवर्षे पाठ असलेले सूत्र मध्येच तुटते. कोणत्या डब्यात काय भरले, हे आठवत नाही. याच घरात, शेजारच्या खोलीत, त्यांच्या सासूबाई असतात. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी गावभरच्या उधारीचे आकडे वहीशिवाय सांगणाऱ्या या बाई चार वर्षांपासून स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत आणि भरवणाऱ्या सुनेलाच विचारतात, "तू कोणाची गं?"

अशा घरातील सुनेला डबा सापडला नाही, तर तो केवळ डबा राहत नाही. आपलीही वाट त्याच खोलीकडे चालली आहे काय, ही शंका मनात घर करते. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली. त्याच रात्री नात्यातील कोणीतरी फोनवर एक संदेश पाठवला : हार्मोन घेतल्याने डिमेन्शियाचा धोका दुप्पट होतो. चिठ्ठी कपाटाच्या खणात गेली आणि तीन आठवडे तेथेच पडून राहिली. अखेर संदेश यजमानांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला सुचावा असाच प्रश्न केला : "दुप्पट म्हणजे कितीचे दुप्पट? आणि कोणाच्या बाबतीत?"

हे दोन्ही प्रश्न अगदी योग्य आहेत. वैद्यकशास्त्राला त्यांची उत्तरे शोधण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

शरीरात काय घडते

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. बीजकोशांतून निर्माण होणारे इस्ट्रोजेन घटले की त्याचे परिणाम गर्भाशयापुरते राहत नाहीत. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र बिघडल्यामुळे वाफा येतात, झोप मोडते, हाडांतील कॅल्शियम झपाट्याने कमी होऊ लागते. स्मरण, भाषा व एकाग्रता यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांतही इस्ट्रोजेनचे ग्राहक-बिंदू असतात. त्यामुळे या संक्रमणकाळात नाव न आठवणे, लक्ष उडणे अशा तक्रारी वाढतात.

परंतु ही विस्मृती म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. अमेरिकेत मध्यम वयाच्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या 'स्वॅन' या अभ्यासात २३६२ स्त्रियांच्या स्मरणचाचण्या पुन्हा पुन्हा घेण्यात आल्या. पाळी थांबण्याच्या उंबरठ्यावर नवे शिकण्याची गती मंदावली, आणि पाळी पूर्ण थांबल्यानंतर ती पुन्हा सावरली, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. शिवाय सासूबाईंच्या आजाराचा आनुवंशिक वारसा सुनेला येत नाही, हेही या घराने ध्यानात घ्यावयास हवे.

आशेचा काळ आणि त्याची परीक्षा

इस्ट्रोजेन देऊन रजोनिवृत्तीचा त्रास कमी करण्याची कल्पना जुनी आहे. १९४२ मध्ये 'प्रेमारिन' हे औषध अमेरिकेच्या बाजारात आले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी एका लोकप्रिय पुस्तकातून रजोनिवृत्ती हा जणू औषधाने भरून काढावयाचा रोगच ठरविला. पुढे १९९६ मध्ये मॅनहॅटन भागातील ११२४ ज्येष्ठ स्त्रियांच्या निरीक्षणातून असे दिसले की ज्यांनी इस्ट्रोजेन घेतले होते त्यांच्यात अल्झायमरचे प्रमाण कमी आहे. हे औषध स्मृतीचे रक्षण करते, अशी आशा यातून बळावली.

या निरीक्षणांत एक उणीव होती. स्वतःहून हार्मोन घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, अधिक सधन आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या. त्यांची स्मृती औषधामुळे टिकली की एकूण राहणीमुळे, हे सांगता येत नव्हते. हा संशय फेडण्याचा मार्ग एकच : चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे स्त्रियांचे दोन गट करावयाचे, एका गटाला औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यावयाची, आणि कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही.

'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी सरकारी प्रकल्पात हेच करण्यात आले. गर्भाशय असलेल्या ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन यांच्या चाचणीत सहभागी झाल्या. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात अधिक आढळले. खुब्याच्या हाडाचे अस्थिभंग मात्र कमी झाले होते. बातमी जगभर पसरली आणि असंख्य स्त्रियांनी औषध सोडले.

स्मृतीविषयीचा निष्कर्ष पुढील वर्षी, मे २००३ मध्ये आला. याच प्रकल्पातील ६५ वर्षे व त्यावरील ४५३२ स्त्रियांची स्मृती स्वतंत्रपणे तपासली जात होती. सुमारे चार वर्षांत ६१ स्त्रियांना संभाव्य स्मृतिभ्रंश झाला. त्यांपैकी ४० औषधाच्या गटातील होत्या आणि २१ निष्क्रिय गोळीच्या गटातील. फोनवर फिरणाऱ्या संदेशातील 'दुप्पट' हा शब्द येथून आला आहे.

कितीचे दुप्पट, आणि कोणाचे?

आता पहिला प्रश्न. दहा हजार स्त्रियांनी एक वर्ष औषध न घेता काढले, तर त्यांपैकी २२ जणींना स्मृतिभ्रंश होत होता. औषध घेणाऱ्या दहा हजार जणींत हा आकडा ४५ होता. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला २३ अधिक. ही वाढ खरी आहे, तिला क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु औषध घेणाऱ्या दहा हजारांपैकी ९९५५ जणींना त्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला नव्हता, हेही तितकेच खरे. नफा दुप्पट झाला असे कोणी सांगितले तर व्यापारी मूळ नफा किती होता हे आधी विचारतो. औषधाच्या बाबतीतही मूळ आकडा विचारल्याशिवाय 'दुप्पट' या शब्दावर निर्णय करू नये.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या स्मृती-चाचणीतील सर्वांत लहान स्त्री ६५ वर्षांची होती. बहुतेकींची पाळी थांबून दशक उलटून गेले होते आणि त्या वयात रक्तवाहिन्यांत झीज झालेली असू शकते. औषधही विशिष्ट होते : घोडीपासून मिळविलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टिन, दोन्ही रोज पोटातून. गर्भाशय काढलेल्या २९४७ स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन देऊन झालेल्या जोडचाचणीत, औषधाच्या गटात २८ आणि दुसऱ्या गटात १९ जणींना स्मृतिभ्रंश झाला; हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. एकोणपन्नासाव्या वर्षी वाफांसाठी पॅच लावू पाहणाऱ्या स्त्रीचा प्रश्न या चाचण्यांत विचारलाच गेला नव्हता.

लवकर सुरू केल्यास काय होते?

तो प्रश्न पुढील चाचण्यांनी विचारला. मूळ प्रकल्पात ५० ते ५५ या वयात सहभागी झालेल्या १३२६ स्त्रियांची स्मृती औषध थांबल्यानंतर अनेक वर्षांनी तपासली गेली. २०१३ च्या निष्कर्षानुसार, हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांत फरक नव्हता. 'कीप्स' या दुसऱ्या चाचणीत, पाळी थांबून तीन वर्षांहून अधिक काळ न झालेल्या ७२७ स्त्रिया होत्या. काहींना पोटातून कमी मात्रेचे इस्ट्रोजेन, काहींना त्वचेवरील पॅच, काहींना निष्क्रिय औषध देण्यात आले. चार वर्षांनंतर स्मृतीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. त्यांपैकी २७५ स्त्रियांची सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तोच होता : हानी नाही, आणि लाभही नाही.

या निष्कर्षाच्या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या आहेत. वेळेवर आणि मर्यादित काळासाठी घेतलेल्या हार्मोनने स्मृती बिघडल्याचे या चाचण्यांत दिसले नाही. त्याचबरोबर, भविष्यातील स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हार्मोन घ्यावे, या कल्पनेलाही आधार मिळाला नाही. वाफा कमी झाल्या, झोप लागली, की दिवसाचे लक्ष सुधारू शकते. पण ते झोपेचे फळ असते.

येथे डेन्मार्कमधील एका अभ्यासाचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण जून २०२३ मध्ये त्याच्या बातम्यांनी पुन्हा भीती पसरवली. राष्ट्रीय नोंदींतून स्मृतिभ्रंश झालेल्या ५५८९ स्त्रिया आणि न झालेल्या ५५,८९० स्त्रिया यांची तुलना करण्यात आली. एकत्रित हार्मोन घेतलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचा दर २४ टक्क्यांनी अधिक आढळला; पन्नाशीच्या आसपास औषध घेतलेल्यांतही संबंध दिसला. मात्र हे नोंदींवरून केलेले निरीक्षण होते, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. ज्यांची झोप व लक्ष अधिक बिघडते त्याच स्त्रिया हार्मोनसाठी डॉक्टरांकडे जातात, आणि त्यांच्यापैकी काहींत पुढील आजाराची बीजे आधीपासूनच असू शकतात. कारण आणि सोबत यांतील हा भेद त्या संशोधकांनीही मान्य केला आहे. उलट ब्रिटनमध्ये २०२१ साली एक लाख अठरा हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांच्या नोंदी तपासल्यावर हार्मोनमुळे स्मृतिभ्रंशाचा एकूण धोका वाढल्याचे दिसले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या माहितीपत्रकावरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व संभाव्य स्मृतिभ्रंश यांविषयीचा चौकटीतील ठळक इशारा काढण्याचे जाहीर केले. इशारा काढला म्हणजे औषध निर्धोक किंवा स्मृतिरक्षक ठरले, असा अर्थ कोणी काढू नये. साठीनंतर, किंवा पाळी थांबून दहा वर्षे उलटल्यावर ते नव्याने सुरू करण्यातील जोखीम आजही लक्षात घ्यावीच लागते.

अकाली रजोनिवृत्ती : वेगळे गणित

एका गटाच्या बाबतीत विचार पूर्ण बदलतो. शस्त्रक्रियेने दोन्ही बीजकोश काढले गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात संपते. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की नैसर्गिक रजोनिवृत्तीपूर्वी बीजकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे स्मृतीचे विकार अधिक होतात, वय जितके लहान तितका धोका मोठा. आणि ज्यांना साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देण्यात आले त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. त्यामुळे चाळिशीच्या आत पाळी थांबलेल्या स्त्रियांना, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. येथे औषध नाकारण्यातच जोखीम अधिक असू शकते.

महाराष्ट्रात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. सधन घरांतही 'आता त्या पिशवीचा काय उपयोग' असे म्हणून शस्त्रक्रियेस संमती दिली जाते. गर्भाशय काढताना बीजकोश ठेवणार की काढणार, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी कुटुंबाने स्पष्टपणे विचारला पाहिजे.

औषध कशापासून बनते?

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न उपचाराइतकाच महत्त्वाचा असतो, आणि तो संकोच न करता विचारण्याजोगा आहे. 'प्रेमारिन' आणि त्या वर्गातील मूळ औषध गाभण घोडीच्या मूत्रातून मिळविले जाते. २००२-२००३ च्या चाचण्यांत तेच वापरले होते. आज पॅच, जेल व अनेक गोळ्यांत असणारे इस्ट्राडिऑल मात्र सोयाबीन किंवा रानकंद यांसारख्या वनस्पतींतील द्रव्यापासून प्रयोगशाळेत तयार होते आणि ते मानवी इस्ट्रोजेनशी एकरूप असते. प्रोजेस्टेरॉनची मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनच्या आवरणात येते, आणि जिलेटिन हे प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून बनते. डायड्रोजेस्टेरॉन गोळीच्या रूपात मिळते. तिच्यातील पूरक घटकही औषधविक्रेत्याकडून जाणून घेता येतात. आपले नियम डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितले, तर पर्याय शोधता येतो. न सांगता मध्येच औषध टाकून देणे धोक्याचे आहे, विशेषतः प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत. गर्भाशय असलेल्या स्त्रीने केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पर्युषणातील उपवास किंवा अठ्ठाई करावयाची असल्यास औषधांचे वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावे.

निर्णय कसा करावा?

वाफांचा त्रास सौम्य असेल तर हार्मोनची आवश्यकता नसते. त्रासाने झोप आणि संसार दोन्ही विस्कटत असतील, वय साठीच्या आत असेल आणि पाळी थांबून दहा वर्षे झाली नसतील, तर हार्मोनइतका प्रभावी उपाय क्वचितच आहे. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असणे, पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, यकृताचा गंभीर आजार, किंवा कारण न समजलेला रक्तस्राव, यांपैकी काही असल्यास हा उपचार सहसा टाळला जातो. अशा स्त्रियांसाठी हार्मोन नसलेली औषधेही आहेत. त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमध्ये गुठळ्यांचा धोका पोटातून घेतलेल्या गोळीपेक्षा कमी असतो. एकत्रित हार्मोन जितकी अधिक वर्षे चालते तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून दरवर्षी फेरविचार आणि नियमित तपासणी हवी.

विस्मरणाची तक्रार असेल तर आणखी दोन तपासण्या आधी कराव्यात : थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, तिच्यामुळे स्मृती मंदावते, आणि वेळेत लक्षात आल्यास ती भरून निघते.

स्मृती राखण्याचे खरे उपाय

भारतात साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. पुरुषांत हे प्रमाण ५.८ तर स्त्रियांत ९ टक्के आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे दिली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. मध्यम वयातील वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, स्थूलता, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, तसेच उपचार न केलेले बहिरेपण आणि अधू दृष्टी ही त्यांतील काही. संप्रेरकोपचाराचा त्या यादीत समावेश नाही. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आणि तळलेल्या फरसाणावर प्रेम करणाऱ्या व्यापारी घरांनी ही यादी स्त्री-पुरुष दोघांसाठी वाचावी.

मोंढ्यातील त्या घरात अखेर चिठ्ठी खणातून बाहेर आली. या वेळी यजमानही दवाखान्यात सोबत गेले. कागदावर लिहिलेले होते : रक्तदाबाचे आकडे, माहेरच्या आजारांची माहिती, कॅप्सूलच्या आवरणाविषयीचा प्रश्न, आणि औषध किती दिवस घ्यावयाचे हा दुसरा. डॉक्टरीणबाईंनी आधी बी-१२ व थायरॉइड तपासण्यास सांगितले, कॅप्सूलऐवजी गोळी लिहून दिली आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले. निघताना सूनबाईंनी सासूबाईंचा विषय काढला. त्यांना वर्षभरापासून हाक ऐकू जात नाही, घरातल्यांनी ते विस्मरणाच्या खाती घातले होते. कानांच्या तपासणीची वेळ त्याच आठवड्यात घेण्यात आली. गेलेली स्मृती त्यामुळे परत येणार नाही. पण भरवताना सूनबाई आपले नाव सांगतील, तेव्हा निदान ते त्यांना ऐकू जाईल.